मिश्रणाचे माप

(मोटारसायकल आपण रोज पाहतो. तिचे इंजिन पेट्रोलवर चालते, हेही आपल्याला माहीत असते. पण पेट्रोलबरोबर हवा किती मिसळायची, हे ठरवणारा छोटासा भाग कसा तयार झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या भागाला नवे रूप देणाऱ्या विल्हेल्म मायबाख या जर्मन तंत्रज्ञाची जीवनकथा या पाठात सांगितली आहे.)

डिसेंबरची सकाळ आहे. अड्याळच्या शेतांवर धुके पसरले आहे. धानाची मळणी चालू आहे. भंडारा-पवनी रस्त्यालगतच्या एका गॅरेजसमोर जुनी बुलेट मोटारसायकल उभी आहे. मालक किक मारून मारून थकला आहे. इंजिन एकदोनदा फटफटते, काळा धूर सोडते आणि बंद पडते.

मिस्त्री चाचा घाई करत नाहीत. आधी ते प्लग काढून पाहतात. प्लगचे टोक काजळीने काळे झालेले असते. चाचा मान हलवतात. इंजिनाला पेट्रोल जास्त मिळते आहे आणि हवा कमी, हे त्यांनी ओळखलेले असते. ते प्लग साफ करून पुन्हा बसवतात. गाडी चालू करून इंजिन चांगले गरम होऊ देतात. मग एक लहान पेचकस घेऊन ते कार्बोरेटरच्या बाजूचा बारीक पितळी पेच फिरवू लागतात. पाव फेरा बाहेर काढतात आणि कान देऊन ऐकतात. इंजिनाचा आवाज थोडा वाढतो. आणखी पाव फेरा. आवाज एकसारखा होतो. आणखी थोडे फिरवताच इंजिन अडखळू लागते. चाचा लगेच पेच मागे घेतात. शेवटी दुसरा पेच सैल करून ते इंजिनाचा वेग खाली आणतात. आता बुलेट ठेक्यात डुगडुगू लागते. मालकाच्या चेहऱ्यावर हसू येते.

हे सारे काम चाचांनी केवळ कानाने आणि बोटांनी केले. त्यांनी नेमके केले तरी काय?

पेट्रोल नुसते जळत नाही. ते जळण्यासाठी हवा लागते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. हवा वजनाने फार हलकी असते. त्यामुळे एक लीटर पेट्रोलसाठी सुमारे नऊ हजार लीटर हवा इंजिनात जावी लागते. पेट्रोल जास्त झाले, तर ते पुरते जळत नाही. धूर होतो, प्लग काळा पडतो आणि पैसाही वाया जातो. मिस्त्री लोक अशा मिश्रणाला रिच म्हणतात. उलट हवा जास्त झाली, तर इंजिन अडखळते, तापते आणि प्लग पांढरा पडतो. अशा मिश्रणाला ते लीन म्हणतात. प्लगचा रंग बिस्किटासारखा तपकिरी दिसला, म्हणजे मिश्रण बरोबर आहे असे समजावे. उर्दूत ज्याला आपण तनासुब म्हणतो, त्याला मराठीत प्रमाण म्हणतात. कार्बोरेटरचे सारे काम या एका शब्दात आले आहे. हवा आणि पेट्रोल यांचे योग्य प्रमाण राखणे, हेच त्याचे काम.

कार्बोरेटरच्या पोटात एक अगदी बारीक भोक असते. त्याला जेट म्हणतात. त्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो. हा फवारा उडवणारा कार्बोरेटर १८९३ साली जर्मनीत ज्याने घडवला, तो माणूस कोणा श्रीमंताचा मुलगा नव्हता. तो एका सुताराचा मुलगा होता आणि दहाव्या वर्षीच अनाथ झाला होता. त्याचे नाव विल्हेल्म मायबाख.

मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतील हाइलब्रॉन या गावी झाला. घरात पाच भाऊ होते. वडील सुतारकाम करीत. पुढे हे कुटुंब पोटापाण्यासाठी स्टुटगार्ट शहरात आले. तेथे १८५४ साली विल्हेल्मची आई वारली. दोनच वर्षांनी वडीलही गेले. पाचही मुले उघड्यावर पडली. या मुलांना कोणीतरी आधार द्यावा, असे आवाहन नातेवाइकांनी वर्तमानपत्रातून केले. ते वाचून गुस्ताफ वेर्नर नावाच्या एका दयाळू धर्मोपदेशकाने विल्हेल्मला आपल्या संस्थेत घेतले.

वेर्नर यांची ही संस्था रॉइटलिंगेन या गावी होती. अनाथ मुलांना नुसते अन्नवस्त्र देऊन भागणार नाही, त्यांच्या हाताला हुन्नर मिळाला पाहिजे, असे वेर्नर यांचे मत होते. म्हणून संस्थेला जोडून कारखाना होता. तेथे मुले काम शिकत. विल्हेल्मचा हात चित्रकलेत चांगला होता. यंत्राचा कोणताही भाग पाहिला की तो त्याचे अचूक रेखाचित्र काढी. त्याचा हा गुण पाहून पंधराव्या वर्षी त्याला यंत्रांच्या आराखड्यांचे काम शिकायला बसवण्यात आले.

दिवसभर तो कारखान्यात राबत असे. दिवस मावळला की इतर मुले विसावा घेत. विल्हेल्म मात्र गावातील शाळेच्या वर्गाला जाई. तेथे तो पदार्थविज्ञान, गणित आणि रेखाटन शिके. हातातील काम त्याला यंत्र कसे चालते ते दाखवी. शाळेतील गणित त्याला ते तसे का चालते ते सांगे. हे दोन्ही त्याने कधी वेगळे मानले नाही.

१८६३ साली गॉटलीब डाइमलर नावाचा तरुण अभियंता या कारखान्याचा प्रमुख म्हणून आला. डाइमलर विल्हेल्मपेक्षा बारा वर्षांनी मोठे होते. कोपऱ्यात बसून शांतपणे आराखडे काढणाऱ्या या मुलाकडे त्यांचे लक्ष गेले. दोघांचे स्वभाव निराळे होते. डाइमलर धाडसी, बोलके आणि पुढचे पाहणारे. तर विल्हेल्म अबोल, सोशिक आणि बारकाव्यात रमणारा. पण दोघांचे जमले. ही मैत्री डाइमलर यांच्या मृत्यूपर्यंत टिकली. डाइमलर कार्ल्सरूह शहरातील कारखान्यात गेले, तेव्हा १८६९ साली त्यांनी मायबाख यांना आपल्याकडे बोलावून घेतले. १८७२ मध्ये डाइमलर कोलोन शहराजवळच्या डॉइट्झ येथील इंजिनांच्या कारखान्यात गेले. मायबाखही त्यांच्याबरोबर गेले. तेथे ते लवकरच मुख्य आराखडाकार झाले.

या कारखान्याचे एक मालक होते निकोलाउस ऑटो. १८७६ साली ऑटो यांनी चार टप्प्यांत चालणारे प्रसिद्ध इंजिन तयार केले. आजही आपल्या मोटारसायकलींची इंजिने त्याच चार टप्प्यांनी चालतात. मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे हे ते चार टप्पे होत. हे इंजिन विक्रीसाठी पक्के करण्याच्या कामात मायबाख यांचा मोठा वाटा होता. परंतु हे इंजिन फार जड होते आणि हळू चालत असे. शिवाय ते दगडी कोळशाच्या गॅसवर चाले. हा गॅस नळीतून येई. म्हणजे इंजिन नळीला बांधलेले आणि नळी जमिनीला बांधलेली. असे इंजिन कारखान्यात उभे राहील. रस्त्यावर धावणार कसे?

डाइमलर आणि मायबाख यांना रस्त्यावर, पाण्यावर आणि हवेतही चालेल असे इंजिन हवे होते. ऑटो यांच्याशी मतभेद झाल्यामुळे डाइमलर १८८२ मध्ये तेथून बाहेर पडले. मायबाखही त्यांच्या पाठोपाठ निघाले. तोपर्यंत त्यांचे लग्न झाले होते आणि घरात कार्ल नावाचा लहान मुलगा होता. चांगल्या पगाराची नोकरी सोडणे सोपे नव्हते. तरीही ते स्टुटगार्टजवळील कानश्टाट येथे आले.

कानश्टाट येथे डाइमलर यांच्या बागेत फुलझाडांसाठी बांधलेले एक काचघर होते. तेच त्यांनी वाढवून आपली कार्यशाळा केली. दोघे रात्रंदिवस आत काम करीत. आत काय चालले आहे, याचा त्यांनी कोणाला पत्ता लागू दिला नाही. सांगतात की, आतून येणारा ठोकाठोकीचा आवाज ऐकून माळ्याला संशय आला. हे लोक खोटी नाणी पाडत असावेत, असे त्याला वाटले. त्याने पोलिसांना कळवले. दोघे बाहेर गेले असताना पोलिसांनी दार उघडून झडती घेतली. आत त्यांना खोटी नाणी सापडली नाहीत. सापडली ती फक्त हत्यारे आणि इंजिने!

या काचघरात त्यांनी एक लहान आणि वेगवान इंजिन तयार केले. ते जमिनीवर उभ्या राहणाऱ्या जुन्या घड्याळासारखे दिसत असे. ते मिनिटाला सुमारे ६०० फेरे घेई. त्याची ताकद मात्र अर्ध्या घोड्याएवढीच होती. १८८५ साली हे इंजिन त्यांनी लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर बसवले. तिची चाकेही लाकडी होती. तोल जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक लहान चाक लावले होते. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ही गाडी कानश्टाटहून उन्टरटुर्कहाइमपर्यंत, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर चालवण्यात आली. तिचा वेग ताशी १२ किलोमीटर होता. इंजिन बैठकीच्या अगदी खाली होते आणि मिश्रण पेटवण्यासाठी त्यात एक तापलेली नळी होती. तिच्यामुळे वाटेत बैठकीनेच पेट घेतला, असेही सांगतात. पेट्रोलवर चालणारी ही जगातील पहिली मोटारसायकल मानली जाते. मूळ गाडी १९०३ साली कानश्टाटच्या कारखान्याला लागलेल्या आगीत जळून गेली. आज संग्रहालयांत तिच्या प्रतिकृती पाहायला मिळतात.

गाडी धावली, पण एक अडचण राहिलीच. ती अडचण मिश्रणाची होती.

त्या काळी पेट्रोल पंप नव्हते. पेट्रोलसारखे द्रव औषधांच्या दुकानात मिळत. लोक त्यांचा उपयोग कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी करीत. १८८८ साली कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्था बेंझ यांनी मोटारीतून पहिला लांबचा प्रवास केला, तेव्हा त्यांनीही वाटेतल्या औषधाच्या दुकानातूनच इंधन घेतले होते. हे द्रव इंजिनात हवेबरोबर कसे मिसळावे? सुरुवातीला मायबाख यांनी एक भांडे तयार केले. त्यात पेट्रोल भरलेले असे. इंजिन हवा ओढी, ती हवा पेट्रोलमधून आणि त्याच्या पृष्ठभागावरून जाई आणि पेट्रोलची वाफ सोबत घेऊन इंजिनात शिरे. ओल्या कपड्यांवरून वारा गेला की तो पाणी घेऊन जातो, तसाच हा प्रकार होता.

पण ओले कपडे रोज सारखेच वाळतात का? उन्हाळ्यात ते तासाभरात वाळतात आणि पावसाळ्यात दोन दोन दिवस वाळत नाहीत. तसेच या भांड्याचे होई. उन्हात वाफ जास्त, थंडीत कमी. रस्त्यावर गाडी हादरली की भांड्यातील पेट्रोल हिंदकळे आणि वाफ एकदम वाढे. शिवाय पेट्रोलमधील हलका भाग आधी उडून जाई आणि जड भाग मागे राही. त्यामुळे सकाळचे मिश्रण दुपारी राहत नसे. चढावर इंजिनाला जास्त मिश्रण हवे असे, तेव्हा नेमके ते कमी पडे. इंजिन तयार झाले होते, पण त्याला जेवू घालण्याची रीत सापडली नव्हती.

ही रीत शोधण्याच्या वेळी मायबाख यांच्या आयुष्यात मोठे संकट आले. १८९० मध्ये डाइमलर यांच्या नावाने एक कंपनी उभी राहिली होती. कंपनीत पैसा घालणाऱ्या धनिकांच्या हाती कारभार होता. ज्यांच्या डोक्यातून आणि हातांतून सारी यंत्रे निघाली होती, त्या मायबाख यांना संचालक मंडळात जागा नाकारण्यात आली. मायबाख यांना हा अपमान सहन झाला नाही. फेब्रुवारी १८९१ मध्ये त्यांनी कंपनी सोडली.

तेव्हा ते ४५ वर्षांचे होते. पदरी संसार होता. हातचे काम गेले होते. दुसरा एखादा माणूस निराश झाला असता किंवा भांडत बसला असता. मायबाख यांनी तसे केले नाही. त्यांनी घरातच आराखड्यांचा फळा मांडला आणि काम पुढे चालू केले. डाइमलर यांचेही कंपनीशी पटत नव्हते. त्यांनी आपल्या खिशातून मायबाख यांना पैसे पुरवले. पुढच्या वर्षी कानश्टाट येथील एका बंद पडलेल्या हॉटेलची मोठी खोली भाड्याने घेण्यात आली. जेथे पूर्वी लोक मेजवान्या करीत, तेथे आता थोडे कामगार आणि काही शिकाऊ मुले यांच्यासह मायबाख यंत्रे घडवू लागले.

येथेच १८९३ साली त्यांनी फवाऱ्याचा कार्बोरेटर तयार केला.

त्याची रचना समजायला एक छोटा प्रयोग करून पाहा. पाण्याने भरलेल्या पेल्यात एक नळी उभी धरा. तिचे वरचे टोक पाण्याच्या किंचित वर असू द्या. दुसऱ्या नळीने त्या टोकावरून आडवी जोरात फुंकर मारा. पेल्यातील पाणी नळीतून वर चढते आणि फवारा होऊन पुढे उडते. अत्तराची फवारणीची बाटली अशीच चालते. वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून खालचे द्रव वर ओढले जाते.

मायबाख यांनी हेच तत्त्व वापरले. इंजिन श्वास घेतल्यासारखी हवा आत ओढते. त्या हवेच्या वाटेत त्यांनी बारीक भोकाची नळी ठेवली. हवा जोरात आली की जेटमधून पेट्रोल जास्त ओढले जाई. हवा हळू आली की कमी. इंजिन स्वतःच आपल्या भुकेप्रमाणे पेट्रोल मागून घेऊ लागले. पण नळीतील पेट्रोलची पातळी बदलली, तर फवाराही बदलेल. त्यासाठी बाजूला एक लहान टाकी होती आणि तिच्यात एक तरंगता गोळा होता. आपल्या घरावरील पाण्याच्या टाकीत असा गोळा असतो. पाणी भरले की तो वर येऊन नळ बंद करतो. कार्बोरेटरमधील गोळा पेट्रोलच्या बाबतीत तेच काम करतो. आता उन्हात, थंडीत आणि खडबडीत रस्त्यावरही मिश्रण बरेचसे सारखे राहू लागले. हंगेरी देशातील डोनाट बांकी आणि यानोश चोंका हे दोन अभियंतेही त्याच सुमारास अशाच कल्पनेपर्यंत पोहोचले होते. शोध अनेकदा असेच लागतात. एकाच अडचणीशी निरनिराळ्या गावी निरनिराळी माणसे झुंजत असतात.

बाहेरून पाहणाऱ्याला जेट म्हणजे केवळ एक भोक. पण त्या भोकाचा आकार केसाएवढा जरी बदलला, तरी इंजिनाची चाल बदलते. मायबाख यांनी लहानपणापासून बारकाव्यात मन घातले होते. त्याचे फळ त्यांना या भोकात मिळाले.

त्यांच्या यंत्रांची कीर्ती दूरवर पोहोचली. अखेर कंपनीला आपली चूक कळून आली. १८९५ मध्ये डाइमलर आणि मायबाख दोघेही सन्मानाने परत आले. मायबाख आता तांत्रिक विभागाचे संचालक झाले. जेथे जागा नाकारली होती, तेथे त्यांना बोलावून जागा देण्यात आली.

६ मार्च १९०० रोजी डाइमलर यांचे निधन झाले. मायबाख यांचा वडीलधारा मित्र गेला. त्याच वर्षी एमिल येलिनेक नावाच्या एका धनिक व्यापाऱ्याने कंपनीकडे एक नवी मोटार मागितली. ती हलकी, वेगवान आणि जमिनीला धरून चालणारी असावी, अशी त्यांची अट होती. मायबाख यांनी आराखडा केला. या मोटारीचे इंजिन ३५ अश्वशक्तीचे होते. ते थंड ठेवण्यासाठी मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बसवला. त्यात आठ हजारांहून अधिक लहान नळ्या होत्या. मार्च १९०१ मध्ये फ्रान्समधील नीस शहराच्या शर्यतींत या मोटारीने सर्वांना मागे टाकले. येलिनेक यांच्या मुलीच्या नावावरून तिला मर्सिडीज हे नाव मिळाले. फ्रान्समधील लोक मायबाख यांना यंत्ररचनाकारांचा राजा म्हणू लागले. मोटारीला मिळालेले नाव मात्र व्यापाऱ्याच्या मुलीचे होते आणि कंपनीवरचे नाव डाइमलर यांचे होते. मायबाख हे नाव आराखड्याच्या कोपऱ्यातच राहिले.

डाइमलर यांच्यामागे कंपनीत मायबाख यांची बाजू घेणारे कोणी उरले नाही. त्यांच्याकडून महत्त्वाची कामे काढून घेण्यात आली. १९०७ साली, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्यांनी दुसऱ्यांदा ती कंपनी सोडली.

आता विश्रांती घ्यावी, असे वाटण्याचे ते वय होते. पण १९०८ मध्ये काउंट झेपेलिन यांचे प्रचंड हवाई जहाज वादळात सापडून जळाले. या जहाजाला अधिक भरवशाचे इंजिन हवे, हे मायबाख यांनी ओळखले. त्यांनी झेपेलिन यांच्याशी संपर्क साधला. १९०९ मध्ये झेपेलिन यांच्या साहाय्याने हवाई जहाजांची इंजिने करणारा नवा कारखाना निघाला. मायबाख यांचा मुलगा कार्ल त्याचे काम पाहू लागला आणि वडील त्याला मार्गदर्शन करू लागले. रस्त्यावर, पाण्यावर आणि हवेत चालणारे इंजिन हे दोन मित्रांचे स्वप्न अशा रीतीने पुरे झाले. पुढे हाच कारखाना मायबाख या नावाने प्रसिद्धीस आला आणि १९२१ पासून त्याच्या मोटारीही निघाल्या. उशिरा का होईना, नाव कोपऱ्यातून पुढे आले.

१९१६ साली स्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टर ही पदवी दिली. दिवसा कारखान्यात राबून रात्री शाळेला जाणाऱ्या अनाथ मुलाच्या नावापुढे डॉक्टर ही पदवी लागली! २९ डिसेंबर १९२९ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, विल्हेल्म मायबाख यांचे निधन झाले. कानश्टाटच्या स्मशानभूमीत त्यांना दफन करण्यात आले. तेथे जवळच त्यांचे मित्र डाइमलर विसावले आहेत.

एप्रिल २०२० पासून आपल्या देशात धुराबाबत अधिक कडक नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटर नाही. त्यांत पेट्रोल किती सोडायचे, हे एक लहान संगणक ठरवतो. पण त्या संगणकालाही शोधायचे असते ते मायबाख यांनी शोधले तेच प्रमाण. आणि जुन्या बुलेट, राजदूत अजून गावोगावी धावतात. त्यांचा कान धरायला मिस्त्री चाचा लागतातच.

अड्याळच्या त्या गॅरेजसमोर चाचांना पाने देणारा एक मुलगा नेहमी दिसतो. त्याचे हात तेलाने माखलेले असतात आणि डोळे चाचांच्या बोटांवर खिळलेले असतात. पाव फेरा, पुन्हा पाव फेरा, आवाज बदलला की थांबायचे, हे तो शिकतो आहे. हे शिक्षण लहान नाही. पण मित्रांनो, हुन्नर हाती आला म्हणून पुस्तक दूर सारणारी मुले आपल्या आसपास पुष्कळ आहेत. पुस्तक हाती आहे म्हणून कामाला कमी लेखणारीही कमी नाहीत. एकीकडे पेट्रोल जास्त, दुसरीकडे हवा जास्त. दोन्ही इंजिने अडखळतात. रॉइटलिंगेनच्या त्या अनाथ मुलाने दिवसा कारखाना आणि रात्री शाळा हे प्रमाण साधले होते. संध्याकाळी गॅरेजचे दार बंद झाल्यावर हा मुलगाही साबणाने हात धुतो, दप्तर काढतो आणि दिव्याखाली वही उघडतो. चाचांनी पेच नेमका दीड फेराच बाहेर का ठेवला, हा प्रश्न त्याच्या मनात असतो. त्याचे उत्तर गॅरेजमध्ये अर्धे मिळाले आहे. उरलेले अर्धे त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे.

शब्दार्थ

प्रमाण – तनासुब. मिश्रण – आमेज़ा. अनाथ – यतीम. हुन्नर – कसब, हुनर. आराखडा – यंत्राचे किंवा इमारतीचे रेखाचित्र. अबोल – कमी बोलणारा. सोशिक – सहन करणारा. प्रतिकृती – हुबेहूब नक्कल. उघड्यावर पडणे – निराधार होणे. कमी लेखणे – हलके समजणे.

स्वाध्याय

१. प्लगच्या रंगावरून मिश्रणाविषयी काय कळते?
२. मायबाख यांच्या पहिल्या कार्बोरेटरमध्ये कोणत्या अडचणी होत्या? त्या पुढे कशा दूर झाल्या?
३. १८९१ साली कंपनी सोडल्यावर मायबाख काय करू लागले? त्यावरून त्यांचा कोणता गुण दिसतो?
४. मायबाख हे नाव आराखड्याच्या कोपऱ्यातच राहिले, असे लेखकाने का म्हटले आहे?
५. दोन नळ्यांचा प्रयोग वर्गात करून पाहा आणि तो पाच-सहा वाक्यांत लिहा.
६. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराला भेटा. तो आपल्या कामात माप कसे ओळखतो, ते त्याला विचारून दहा ओळी लिहा.